साक्ष कशी तोलावी? ऑस्ट्रेलियातील अळंबी-खटल्याच्या निमित्ताने



ऑस्ट्रेलियातील एका गावात २०२३ साली घडलेल्या विषारी अळंबीच्या प्रकरणाची चर्चा २०२५ साली जगभर झाली. आपल्याकडेही ती मोबाइलवरून घराघरांत पोहोचली आणि तिथून थेट शाळेच्या वर्गांत आली. वरच्या इयत्तांतील मुलामुलींनी शिक्षकांना विचारलेले तीन प्रश्न आमच्यापर्यंत आले. 'ती खोटे बोलली हे तिनेच कबूल केले, मग खटला इतके दिवस कशाला?', 'हेतूच सापडला नाही, तर खून कसा?' आणि 'कोणी घालताना पाहिले नाही, तर सिद्ध कसे झाले?' प्रश्न फार चांगले आहेत. मोठी माणसेही त्यांची उत्तरे घाईने देतात. म्हणून या अंकात थोडा वेळ काढून, पायरी-पायरीने ती शोधण्याचा प्रयत्न करीत आहोत. मृत व्यक्ती आणि त्यांचे नातलग यांची नावे आम्ही मुद्दाम दिलेली नाहीत. ती माणसे प्रसिद्धीसाठी जगली नव्हती.

घटना काय होती?

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेयेस व्हिक्टोरिया नावाचे राज्य आहे, मेलबर्न ही त्याची राजधानी. तिथून आग्नेयेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर लिओंगाथा हे शेतीवाडीचे गाव आहे. २९ जुलै २०२३ रोजी, शनिवारी, एरिन पॅटरसन या महिलेने आपल्या घरी चार पाहुण्यांना दुपारी जेवायला बोलावले. ती नवऱ्यापासून वेगळी राहत होती. पाहुणे म्हणजे तिचे सासू-सासरे, सासूची बहीण आणि त्या बहिणीचे यजमान. नवऱ्यालाही बोलावणे होते, पण तो आला नाही. जेवणात 'बीफ वेलिंग्टन' हा तिकडचा पदार्थ होता. मांसाच्या तुकड्यावर बारीक चिरून परतलेल्या अळंबीचा थर देतात, मग तो मैद्याच्या पापुद्र्यात गुंडाळून भट्टीत भाजतात.

त्याच रात्री चौघेही पाहुणे आजारी पडले. आधी गावातील इस्पितळ, मग मेलबर्नचे मोठे इस्पितळ असा प्रवास झाला. ४ ऑगस्टला दोघी बहिणी आणि ५ ऑगस्टला सासरे वारले. चौथे पाहुणे, जे चर्चमध्ये धर्मोपदेशक होते, अनेक आठवड्यांच्या उपचारांनंतर वाचले. २ नोव्हेंबर २०२३ रोजी एरिन पॅटरसनला अटक झाली. तिने गुन्हा नाकारला. एप्रिल २०२५ च्या अखेरीस मॉरवेल या गावी व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ख्रिस्तोफर बील यांच्यासमोर खटला उभा राहिला. ७ जुलै २०२५ रोजी ज्यूरीने तिला तीन खून आणि एका खुनाचा प्रयत्न यांबद्दल दोषी ठरवले. ८ सप्टेंबर २०२५ रोजी जन्मठेप झाली, त्यात ३३ वर्षे पॅरोलचा अर्जही करता येणार नाही अशी अट आहे. वर्षअखेरीपर्यंत दोन्ही बाजूंनी वरच्या न्यायपीठाकडे दाद मागितली.

आणि सगळा वाद कशाचा होता? जेवणात विषारी अळंबी होती, ती खाल्ल्याने माणसे गेली आणि जेवण तिनेच रांधले होते, हे बचाव पक्षालाही मान्य होते. वाद एकाच गोष्टीचा होता. ती अळंबी जाणूनबुजून घातली की चुकून पडली? म्हणजे प्रश्न एका माणसाच्या मनात काय होते याचा होता. मनात डोकावण्याची खिडकी कोणाकडेच नसते, म्हणून साक्षी-पुराव्यांना इतके महत्त्व आले.

आधी विषाची ओळख

साक्ष समजायची तर आधी शास्त्र समजले पाहिजे. या अळंबीला 'डेथ कॅप' म्हणतात, शास्त्रीय नाव 'ॲमॅनिटा फॅलॉइडिस'. ती मूळची युरोपातील आहे. ओकसारख्या झाडांच्या मुळांशी तिचे सख्य असते आणि अशा झाडांबरोबरच ती ऑस्ट्रेलियात गेली. मेलबर्न आणि कॅनबेरा भागांत ती उगवते. कॅनबेरात २०१२ सालीही ती खाल्ल्याने दोघे दगावले होते.

तिच्यातील विषाला 'ॲमाटॉक्सिन' म्हणतात. शिजवून, भाजून किंवा वाळवून ते नाहीसे होत नाही. आपल्या पेशी जगण्यासाठी सतत प्रथिने बनवीत असतात. त्यासाठी डीएनएवरील मजकुराची नक्कल करून घेणारे एक विकर असते. हे विष नेमके त्या विकरालाच जखडून टाकते. नक्कल थांबली की प्रथिने थांबतात आणि पेशी मरतात. सगळ्यांत मोठा तडाखा यकृताला बसतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे विष लगेच लक्षणे दाखवीत नाही. साधारणपणे सहा ते चोवीस तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. मग मध्ये एखादा दिवस रोग्याला बरे वाटल्यासारखे होते, आणि आतून मात्र यकृत निकामी होत असते. ही वेळेची गोष्ट न्यायालयात फार महत्त्वाची ठरली. पाहुण्यांना त्रास मध्यरात्रीच्या सुमारास सुरू झाला, यजमानीणबाईंनी मात्र आपल्याला त्याच दुपारपासून त्रास झाल्याचे सांगितले. कोणाच्या साक्षीचे गणित शास्त्राशी जुळते, हा प्रश्न तिथूनच उभा राहिला.

साक्षींचे चार प्रकार

सरकार पक्षाने पन्नासहून अधिक साक्षीदार तपासले. त्यांची सोयीसाठी चार गटांत मांडणी करू.

पहिला, डोळ्यांनी पाहणाऱ्याची साक्ष. वाचलेल्या पाहुण्यांनी सांगितले की चौघा पाहुण्यांना मोठ्या करड्या ताटल्यांत वाढले होते आणि यजमानीणबाईंची ताटली मात्र लहान व वेगळ्या, नारिंगीसर रंगाची होती. सरकार पक्षाने यावरून म्हटले की आपला घास वेगळा राहावा म्हणूनच ही व्यवस्था होती. बचाव पक्षाने म्हटले की ताटल्यांविषयीची ही आठवण चुकीची आहे. इथे शिकण्यासारखे हे, की प्रामाणिक माणसाची आठवणही तपासावी लागते. प्रश्न विचारणे म्हणजे त्याला खोटारडा म्हणणे नव्हे.

दुसरा, तज्ज्ञांची साक्ष. डॉक्टर, विषशास्त्रज्ञ आणि अळंबीचे अभ्यासक यांनी ती दिली. गावाजवळच्या कोनवारा येथील कचरा-केंद्रात टाकून दिलेले अन्न सुकवण्याचे यंत्र पोलिसांना सापडले. त्यावर आरोपीच्या बोटांचे ठसे होते आणि आतल्या कणांत डेथ कॅपचे विष आढळले. तज्ज्ञ 'काय होते' ते सांगू शकतो, 'का होते' ते त्याच्या हातात नसते. यंत्रात विषारी अळंबी सुकवली गेली, इतके शास्त्राने सांगितले. सुकवणाऱ्याला ती विषारी असल्याचे ठाऊक होते का, हे शास्त्र सांगू शकत नाही.

तिसरा, यंत्रांची मुकी साक्ष. लॉक आणि आउटट्रिम या जवळच्या गावांत डेथ कॅप दिसल्याच्या नोंदी निसर्गप्रेमींनी २०२३ च्या एप्रिल-मे महिन्यांत एका संकेतस्थळावर टाकल्या होत्या. आरोपीचा मोबाइल त्या भागांतील मनोऱ्यांशी जोडला गेल्याच्या नोंदी सरकार पक्षाने मांडल्या. सुकवण्याचे यंत्र २८ एप्रिल २०२३ रोजी विकत घेतल्याचेही दाखवले. बचाव पक्षाने उत्तर दिले की मनोऱ्याची नोंद माणूस नेमक्या कोणत्या झाडाखाली उभा होता हे सांगत नाही, फक्त साधारण भाग सांगते. हे उत्तर शास्त्राला धरूनच होते. पण अशी एकेक नोंद एकत्र ठेवली की काय चित्र दिसते, हे ज्यूरीला ठरवायचे होते.

चौथा प्रकार सगळ्यांत अवघड, खुद्द आरोपीची साक्ष. आरोपीने बोललेच पाहिजे असे बंधन तिथेही नाही आणि आपल्याकडेही नाही. गप्प राहणे हा त्याचा हक्क आहे. भारतात आरोपीने लेखी विनंती केली तरच त्याला साक्षीदार म्हणून उभे राहता येते. एरिन पॅटरसनने साक्ष द्यायचे ठरवले आणि ती आठ दिवस साक्षीच्या पिंजऱ्यात होती. रानातील अळंबी आपण वेचत असू, सुकवलेली अळंबी ठेवायच्या डब्यात दुकानातल्या अळंबीबरोबर रानातली मिसळली गेली असावी, असे तिने सांगितले. यंत्राविषयी आणि रानातून अळंबी वेचण्याविषयी पोलिसांशी आपण खोटे बोललो, हेही तिने मान्य केले आणि त्याचे कारण भीती असे दिले. आजारपणाबद्दल पाहुण्यांची दिशाभूल केल्याचेही तिला मान्य करावे लागले.

खोटे बोलणे म्हणजे गुन्हा कबूल करणे का?

इथे मुलांचा पहिला प्रश्न येतो. उत्तर आहे, नाही. आपल्याच घरातील उदाहरण घ्या. दिवाणखान्यात फुलदाणी फुटली आणि धाकटा म्हणाला, 'मी खोलीत गेलोच नव्हतो.' पुढे कळले की तो गेला होता. आता फुलदाणी त्यानेच फोडली असे ठरते का? कदाचित फोडली असेल. कदाचित तो फक्त बिस्किटे घ्यायला गेला असेल आणि मार बसेल म्हणून खोटे बोलला असेल. खोटे हे एकटे पुरेसे नसते. ते कशाविषयी आहे, केव्हा बोलले गेले, आणि त्यामागे दुसरे साधे कारण संभवते का, हे पाहावे लागते.

न्यायमूर्ती बील यांनीही ज्यूरीला अनेक दिवस कायदा समजावून सांगितला. कोणत्या खोट्याचा उपयोग फक्त विश्वासार्हता तपासण्यापुरता करायचा आणि कोणते वर्तन अपराधाची जाणीव दाखवणारे म्हणून विचारात घेता येईल, हा भेद त्यांनी केला. तोही अशा अटीवर, की त्या वर्तनाचे दुसरे निरपराध स्पष्टीकरण संभवते का हे आधी पाहायचे. शिवाय आरोपीवर पुरावा देण्याचे ओझे नाही. तिचे म्हणणे पटले नाही म्हणून आपोआप गुन्हा शाबीत होत नाही. सिद्ध करायचे ते सरकार पक्षाने, आणि तेही वाजवी शंकेला जागा न ठेवता.

हेतू आणि पुराव्याची साखळी

दुसरा प्रश्न हेतूचा. सरकार पक्षाने 'अमुक कारणासाठी तिने हे केले' असे सांगितलेच नाही. कायद्याला 'इरादा' सिद्ध व्हावा लागतो, 'कारण' सिद्ध होणे बंधनकारक नसते. इरादा म्हणजे काय करायचे होते, आणि हेतू म्हणजे ते का करायचे होते. हेतू सापडला नाही ही गोष्ट आरोपीच्या बाजूने विचारात घेता येते, पण त्याने खटला कोसळतोच असे नाही.

आपल्या देशातील न्यायालयांनीही हा प्रश्न हाताळलेला आहे, आणि त्यातील दोन महत्त्वाचे निवाडे थेट पुण्याशी निगडित आहेत. पहिला डॉ. अनंत चिंतामण लागू यांचा. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याहून मुंबईला रेल्वेने नेलेल्या एका विधवा महिलेचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात विष सापडले नाही. तरीही डॉक्टरांचे आधीचे व नंतरचे वर्तन आणि त्या बाईंच्या मालमत्तेची लावलेली वासलात अशा परिस्थितीजन्य पुराव्यावर सर्वोच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा कायम केली. म्हणजे विष हाती लागले नाही तरी बाकीची साखळी भक्कम असेल तर गुन्हा शाबीत होऊ शकतो.

दुसरा शरद बिर्धीचंद सारडा यांचा. पुण्यात एका नवविवाहितेचा १९८२ साली विषाने मृत्यू झाला. खालच्या न्यायालयांनी पतीला दोषी धरले, परंतु सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली त्याला निर्दोष सोडले. या निवाड्यातील पाच तत्त्वे आजही देशभरातील न्यायालये प्रमाण मानतात. त्यांचा सारांश असा, की साखळीतील प्रत्येक गोष्ट पक्केपणाने सिद्ध झालेली हवी, ती गुन्ह्याच्याच दिशेने जाणारी हवी, दुसऱ्या कोणत्याही संभाव्य स्पष्टीकरणाला तिच्यात जागा नसावी, आणि साखळी अखंड असावी. विषप्रयोगाच्या खटल्यात हेतू, विषानेच मृत्यू, आरोपीजवळ विष असणे आणि ते देण्याची संधी या चार गोष्टी पाहाव्यात, असेही त्यात म्हटले आहे.

हे दोन निवाडे शेजारी ठेवून वाचले की मुलांच्या तिसऱ्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. कोणी पाहिले नाही तरी सिद्ध होऊ शकते, आणि संशय कितीही दाट असला तरी तो सिद्ध झालेला नसतो. एका निवाड्यात माणूस दोषी ठरला, दुसऱ्यात सुटला, पण मोजपट्टी एकच होती.

चावडीवरचा न्याय आणि न्यायालयातला न्याय

आता चर्चेविषयी. मॉरवेलच्या न्यायालयाबाहेर रोज पहाटेपासून रांगा लागत. वर्तमानपत्रे, दूरचित्रवाणी आणि रोजचे श्राव्य कार्यक्रम यांतून प्रत्येक साक्षीची चिरफाड होत होती. ती रडली तर 'नाटक' आणि न रडली तर 'दगड' असे दोन्ही बाजूंनी बोलले जाई. एका खासगी रेडिओ कार्यक्रमातील शेरेबाजी इतकी पुढे गेली की न्यायमूर्तींनी न्यायालयाच्या अवमानाच्या दृष्टीने ती तपासायला पाठवली आणि सर्वच भाष्यकारांना तंबी दिली.

इतकी काळजी का? कारण निर्णय बारा सामान्य नागरिकांच्या ज्यूरीने द्यायचा होता आणि तोही एकमताने. त्यांनी फक्त न्यायालयात मांडलेला पुरावा पाहायचा असतो. बाहेर बोललेल्या गोष्टींना उलटतपासणी नसते, शपथ नसते आणि चुकीची जबाबदारीही नसते. निकालाचा विचार करताना ३० जूनपासून ७ जुलैपर्यंत या बारा जणांना बाहेरच्या जगापासून वेगळे ठेवण्यात आले.

आपल्याकडे याचे जुने उदाहरण आहे. १९५९ साली मुंबईत नौदल अधिकारी कावस नानावटी यांचा खटला चालला. एका साप्ताहिकाने त्यांच्या बाजूने मोहीम उघडली, रस्त्यांवर सहानुभूतीची लाट उसळली. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल पटला नाही. त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले, तिथे नानावटी दोषी ठरले आणि १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थानच राहिले नाही. ज्यूरी चांगली की न्यायाधीश, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण लोकांचा कलकलाट न्यायाच्या तराजूत पडू नये, याबद्दल दुमत नसावे.

याचा अर्थ लोकांनी खटल्याविषयी बोलूच नये असा नाही. न्यायालये उघडी ठेवतात ती लोकांनी पाहावे म्हणूनच. बंद दाराआड चाललेल्या न्यायावर कोणाचा विश्वास बसेल? मात्र बोलताना तीन गोष्टी पाळाव्यात. सिद्ध झालेले आणि नुसते आरोप केलेले यांत फरक करावा. चेहरा, कपडे, रडणे यांवरून मनातले ओळखल्याचा दावा करू नये. आणि ज्यांच्या घरातील तीन माणसे गेली, त्यांच्या दुःखाची करमणूक करू नये. या खटल्यात वाचलेले पाहुणे पत्नी गमावूनही न्यायालयात संयमाने बोलले. शिक्षेच्या सुनावणीत, आपल्यावर झालेल्या अपराधापुरती त्यांनी आरोपीला क्षमा देऊ केली. चावडीवर बसून शिक्षा सुनावणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

आपल्या अंगणातील गोष्ट

शेवटी थोडे गोव्याचे. पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे वारुळांवर अळमी उगवतात. पानांत बांधून रस्त्याच्या कडेला विकायला येतात आणि त्यांची भाजी म्हणजे वर्षातून एकदाच येणारा सण. ती कोणती खावी हे गावातील जाणती माणसे पिढ्यान्‌पिढ्या ओळखत आली आहेत. हे ज्ञान मौल्यवान आहे, पण ते चित्र पाहून किंवा मोबाइलवरच्या माहितीवरून येत नाही. आसामात २०२२ च्या एप्रिलमध्ये विषारी रानअळंबी खाऊन दहाहून अधिक माणसे दगावली. त्यांतील बरीच चहामळ्यांच्या वस्तीतील होती. 'चांदीचे नाणे काळे पडले तर विषारी', 'किडे खातात म्हणजे सुरक्षित', 'चिंच घातली की विष उतरते' अशा समजुतींना काहीही आधार नाही.

म्हणून मुलांनो, अनोळखी अळंबी वेचू नका. पालकहो, ती खाल्ल्यावर काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता इस्पितळ गाठा, उरलेली अळंबी बरोबर न्या, आणि मध्ये बरे वाटले तरी परतू नका.

वरच्या वर्गांच्या वक्तृत्व मंडळासाठी यंदा एक विषय आम्ही सुचवतो, 'संशय आणि सिद्धता'. प्रत्येक वक्त्याने आधी विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मांडावा आणि मगच आपले म्हणणे सांगावे. विश्वस्त मंडळींपैकी वकिली करणाऱ्यांनी त्या दिवशी परीक्षक म्हणून यावे, अशी विनंती आहे. मुलांचे काही चुकले तर हरकत नाही. आज वर्गात 'तुझे म्हणणे आधी पुरते ऐकतो' असे म्हणायला शिकलेला मुलगा किंवा मुलगी उद्या कुठेतरी न्यायाधीश, पंच, शिक्षक, निदान घरातील मोठे माणूस होणारच आहे. त्यांच्यासमोर कोणीतरी आरोपी म्हणून उभे राहील, तेव्हा ही सवय कामाला येईल.